नेतृत्व

नेतृत्व म्हणजे एखाद्या समूहाला समान उद्दिष्टाकडे नेण्याची क्रिया, त्यासाठी लागणारी क्षमता आणि त्या क्रियेतून नेता व अनुयायी यांच्यात निर्माण होणारा संबंध होय. जी व्यक्ती हे कार्य करते तिला नेता असे म्हणतात. राजकारण, समाजकारण, युद्ध, उद्योग, शिक्षण, क्रीडा, धर्म अशा मानवी व्यवहाराच्या सर्व क्षेत्रांत ही संकल्पना वापरली जाते. दैनंदिन बोलण्यात नेतृत्व आणि अधिकारपद हे शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने योजले जातात. परंतु पद हे नेमणुकीने, निवडणुकीने किंवा वारशाने मिळते, तर नेतृत्व हे अनुयायांनी मान्य केल्याखेरीज अस्तित्वात येत नाही. पद असून नेतृत्व नसणे आणि पद नसून नेतृत्व असणे, या दोन्ही स्थिती इतिहासात व वर्तमानात आढळतात.

व्युत्पत्ती

'नेतृत्व' हा संस्कृतमधून मराठीत जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम शब्द आहे. 'नी' (नेणे) या धातूला 'तृच्' हा प्रत्यय लागून 'नेतृ' (नेणारा) हे रूप होते. त्याचे प्रथमेचे एकवचन 'नेता' असे असून मराठीने हेच रूप स्वीकारले आहे. 'नेतृ' या शब्दाला 'त्व' हा भाववाचक प्रत्यय लागून 'नेतृत्व' हे नपुंसकलिंगी भाववाचक नाम सिद्ध होते. 'नेणे' हे सकर्मक क्रियापद आहे. त्यामुळे कोणीतरी नेणारा, कोणीतरी नेला जाणारा आणि जेथे जायचे ते ठिकाण, या तिन्हींची अपेक्षा शब्दाच्या मुळातच आहे.

'नी' या धातूपासून मराठीत रूढ असलेले अनेक शब्द तयार झाले आहेत. नायक, नीती, नेत्र, विनय, अभिनय, उपनयन, परिणय, निर्णय, सेनानी, अग्रणी ही त्यांपैकी काही उदाहरणे होत. नेत्र म्हणजे शरीराला मार्ग दाखवून नेणारे इंद्रिय आणि नीती म्हणजे वर्तनाला योग्य दिशेने नेणारी रीत, असा या शब्दांचा मूळ भाव आहे.

शुद्धलेखन

'नेतृत्व' या शब्दात 'त्व' असे एकच 'त' असलेले जोडाक्षर आहे. मूळ शब्द 'नेतृ' हा ऋकारान्त असल्यामुळे तेथे दुसरा 'त' येण्याचे कारण नाही. कर्तृत्व, वक्तृत्व, दातृत्व, मातृत्व, पितृत्व हे शब्द याच रीतीने लिहिले जातात. याउलट महत्त्व (महत् + त्व), तत्त्व (तत् + त्व), सत्त्व (सत् + त्व), व्यक्तिमत्त्व (व्यक्तिमत् + त्व) या शब्दांत मूळ शब्दाच्या अखेरीस 'त्' असल्याने 'त्त्व' असे लिहावे लागते. 'नेतृत्त्व' आणि 'नेत्रुत्व' ही दोन्ही रूपे अशुद्ध आहेत.

'नेता' या शब्दाचे संस्कृत स्त्रीलिंगी रूप 'नेत्री' असे होते. मराठीत ते स्वतंत्रपणे क्वचित आढळते. 'अभिनेत्री' या शब्दात मात्र ते रूढ आहे. वृत्तपत्रीय मराठीत स्त्री नेत्याचा आदरार्थी उल्लेख 'पक्षाच्या ज्येष्ठ नेत्या' असा केला जातो.

मराठीतील वापर

मराठीत 'नेतृत्व' हा शब्द प्रामुख्याने पुढील अर्थांनी वापरला जातो :

१. क्रिया : समूहाला नेण्याचे काम. उदा., 'मोर्चाचे नेतृत्व शेतकरी स्त्रियांनी केले.'

२. क्षमता : नेण्याचा गुण. उदा., 'तिच्या अंगी नेतृत्व आहे.' याच अर्थाने 'नेतृत्वगुण' हा सामासिक शब्द येतो.

३. स्थान : नेत्याची जागा. उदा., 'नेतृत्व स्वीकारणे', 'नेतृत्व सोडणे', 'नेतृत्वबदल', 'नेतृत्वाची पोकळी'.

४. व्यक्ती किंवा मंडळ : प्रत्यक्ष नेते. उदा., 'पक्षनेतृत्वाने ठराव फेटाळला.' येथे भाववाचक नाम व्यक्तिसमूहाचे वाचक झाले आहे. 'दुसऱ्या फळीतील नेतृत्व' हा प्रयोगही याच प्रकारचा आहे.

चौथ्या प्रकारचा वापर वृत्तपत्रांमुळे विशेष वाढला. या प्रयोगात निर्णय नेमका कोणी घेतला हे सांगावे लागत नाही. त्यामुळे बातमी किंवा निवेदन वाचताना 'नेतृत्व' या शब्दामागे एक व्यक्ती आहे, समिती आहे की सर्वसाधारण सभा, हे पाहणे आवश्यक ठरते.

'नेतृत्वाखाली' हे रूप 'अध्यक्षतेखाली' आणि 'मार्गदर्शनाखाली' या रूपांच्या जागी योजले जाते. परंतु तिन्हींचे अर्थ भिन्न आहेत. सभेचा अध्यक्ष सभेचे नियमन करतो. मार्गदर्शक वाट दाखवतो, मात्र स्वतः त्या वाटेने बरोबर जाईलच असे नाही. नेता समूहाबरोबर जातो आणि परिणामांचा वाटेकरी होतो.

समानार्थी व निकटवर्ती शब्द

नेतृत्वाची कल्पना व्यक्त करण्यासाठी मराठीत अनेक शब्द आहेत. त्यांच्या मुळाशी असलेल्या प्रतिमांनुसार त्यांचे स्थूलमानाने तीन गट पाडता येतात.

पुढे असणे : पुढारी, म्होरक्या, अग्रणी, मुकादम. 'पुढारी' हा शब्द 'पुढे' या क्रियाविशेषणाशी संबंधित आहे. स्वातंत्र्यपूर्व काळातील लेखनात तो आदराने येतो आणि कोल्हापूरहून निघणाऱ्या 'पुढारी' या दैनिकाच्या नावातही तो आदरभाव आहे. पुढे 'गावपुढारी', 'पुढारीपणा' अशा प्रयोगांतून त्याला उपरोधाची छटा प्राप्त झाली. 'म्होरक्या' हा शब्द बोलीतील 'म्होरं' (पुढे) याच्याशी निगडित असून प्रमाण मराठीत तो बहुधा टोळीच्या प्रमुखासाठी योजला जातो. 'म्होरक्या' याच नावाच्या मराठी चित्रपटाला ६५ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा पुरस्कार मिळाला. त्याचा विषय शाळेच्या संचलनात पुढे राहू इच्छिणारा मुलगा हा आहे. 'अग्रणी' हा शब्द १९६९ साली सुरू झालेल्या अग्रणी बँक योजनेमुळे प्रशासकीय भाषेत रूढ झाला. 'मुकादम' हा अरबी मूळ असलेला शब्दही 'पुढे असलेला' याच अर्थाचा आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत तो गावच्या पाटलासाठी येतो, तर आज ऊसतोड मजुरांच्या टोळीचा प्रमुख मुकादम म्हणून ओळखला जातो.

भार वाहणे : धुरीण, धुरा. 'धुर्' म्हणजे गाडीचे जू किंवा भार. धुरीण म्हणजे तो भार वाहणारा. 'समाजधुरीण', 'संस्थेची धुरा सांभाळणे' हे प्रयोग यातून आले आहेत. या प्रतिमेत मानापेक्षा कष्टाचा भाव अधिक आहे.

दिशा देणे : कर्णधार, सुकाणू, सूत्रधार. 'कर्ण' या शब्दाचा एक अर्थ नावेचे सुकाणू असा आहे. ते धरणारा तो कर्णधार. मराठीत हा शब्द मुख्यतः खेळातील संघप्रमुखासाठी स्थिरावला आहे. 'सुकाणू समिती' या शब्दप्रयोगातही हीच प्रतिमा आहे. 'सूत्रधार' हा नाट्यप्रयोगाची सूत्रे सांभाळणारा. 'सूत्रे हाती घेणे' हा वाक्प्रचार त्याच्याशी जोडलेला आहे. गुन्ह्यांच्या बातम्यांत मात्र 'मुख्य सूत्रधार' हा पडद्याआडून कट रचणारा असतो.

यांखेरीज 'नायक' हा शब्द लक्षणीय आहे. कथा-नाटकातील प्रमुख पात्र, भारतीय भूसेनेतील एक हुद्दा आणि त्याच्या 'नाईक' या रूपात महाराष्ट्र व गोव्यातील आडनाव असा त्याचा विस्तार झाला. बंजारा समाजात तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. 'नेताजी' ही उपाधी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. शिवकालीन सरनौबत नेताजी पालकर यांच्या बाबतीत मात्र ते व्यक्तिनाम आहे, उपाधी नव्हे.

'पाटील' हा शब्द पद आणि नेतृत्व यांचा संबंध समजण्यास उपयुक्त आहे. पाटीलकी हे वंशपरंपरागत वतन होते. महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद रद्द करण्यात आले. त्यानंतर आडनाव व आदराचे संबोधन म्हणून तो शब्द टिकून राहिला. 'पोलीस पाटील' हे पद १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानुसार शासकीय नेमणुकीचे झाले.

ग्रंथपरंपरेतील विचार

वैदिक वाङ्मयात 'ग्रामणी' (गावाचा वा समूहाचा नेता) आणि 'सेनानी' (सैन्याचा नेता) हे शब्द येतात. संस्कृत नाट्यशास्त्रात 'नेता' हा पारिभाषिक शब्द आहे. धनंजयाच्या 'दशरूपक' या ग्रंथात वस्तू (कथानक), नेता आणि रस या तीन घटकांवरून रूपकांचे प्रकार ठरवले आहेत. नेत्याचे धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित व धीरप्रशान्त असे चार प्रकार मानले जातात. चारही नावांत 'धीर' हे पद समान आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

मराठीत समर्थ रामदासांच्या 'दासबोध' या ग्रंथातील अकराव्या दशकात राजकारण व महंताची लक्षणे यांचे निरूपण आहे. लोकसंग्रह करणाऱ्या माणसाच्या अंगी कोणती सावधानता व व्यवहारज्ञान असावे, याचा विचार त्यात येतो. रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाशी जोडलेले 'आज्ञापत्र' हे राज्यकर्त्याच्या कर्तव्यांची चर्चा करणारे महत्त्वाचे मराठी गद्य आहे.

आधुनिक सिद्धान्त

थोर पुरुष व गुण सिद्धान्त : स्कॉटिश लेखक थॉमस कार्लाइल यांनी १८४० साली दिलेल्या व्याख्यानांत इतिहास हा मुख्यतः थोर पुरुष घडवतात, असे मत मांडले. हर्बर्ट स्पेन्सर यांनी त्याला विरोध करून थोर पुरुष हेच समाजाने घडवलेले असतात, असे प्रतिपादन केले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेत्यांचे समान गुण शोधण्याचे अनेक प्रयत्न झाले. राल्फ स्टॉगडिल यांनी १९४८ मध्ये अशा संशोधनाचा आढावा घेऊन केवळ काही गुण असल्याने कोणी नेता होत नाही. ते गुण समूहाच्या कार्याशी व परिस्थितीशी जुळावे लागतात, असा निष्कर्ष काढला.

अधिमान्यतेचे प्रकार : जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी सत्तेला मिळणाऱ्या मान्यतेचे पारंपरिक, वैध-तर्काधिष्ठित आणि वलयांकित (करिश्म्यावर आधारित) असे तीन प्रकार सांगितले. वंशपरंपरागत वतनदार, नियमाने नेमलेला अधिकारी आणि असामान्य व्यक्तिमत्त्वामुळे लोक ज्याच्यामागे जातात असा पुरुष वा स्त्री, ही त्यांची अनुक्रमे उदाहरणे होत. वलयांकित नेतृत्व अस्थिर असते. नेत्यानंतर त्याचे रूपांतर परंपरेत किंवा नियमबद्ध संस्थेत व्हावे लागते, असे वेबर यांचे म्हणणे होते.

नेतृत्वाच्या शैली : कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेत मुलांच्या मंडळांवर प्रयोग करून १९३९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी हुकूमशाही, लोकशाही आणि अहस्तक्षेपी अशा तीन शैलींची तुलना केली. हुकूमशाही पद्धतीच्या गटांत मुले एक तर आक्रमक झाली किंवा निमूट राहिली. निमूट गटांतील काम नेता खोलीत असेपर्यंत चाले आणि तो बाहेर जाताच मंदावे. लोकशाही पद्धतीच्या गटांत नेत्याच्या अनुपस्थितीतही काम बहुतांशी चालू राहिले.

परिस्थितिसापेक्ष सिद्धान्त : फ्रेड फीडलर यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या विचारानुसार नेत्याची परिणामकारकता त्याच्या शैलीबरोबरच अनुयायांशी असलेले संबंध, कामाच्या स्वरूपाची स्पष्टता आणि पदाने मिळालेले अधिकार यांवर अवलंबून असते. एके ठिकाणी यशस्वी झालेला नेता दुसरीकडे अयशस्वी का होतो, याचे स्पष्टीकरण यातून मिळते.

परिवर्तनकारी नेतृत्व : जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ साली व्यवहारात्मक आणि परिवर्तनकारी नेतृत्व असा भेद केला. पहिल्या प्रकारात नेता व अनुयायी यांच्यात देवाणघेवाण असते, उदा., मताच्या बदल्यात काम. दुसऱ्या प्रकारात दोघांचीही नैतिक पातळी व प्रेरणा उंचावते.

सेवक-नेतृत्व : रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये ही कल्पना मांडली. हर्मन हेसे यांच्या एका कादंबरीतील यात्रेकरूंच्या सेवकावरून ती सुचल्याचे त्यांनी नमूद केले आहे. तो सेवक निघून जाताच सगळी यात्रा विस्कळीत होते. ज्यांची सेवा केली ती माणसे अधिक समर्थ व स्वतंत्र झाली का, हा ग्रीनलीफ यांच्या मते नेतृत्वाचा निकष होय.

विविध क्षेत्रांतील नेतृत्व

संसदीय व्यवहार

संसदीय लोकशाहीत 'नेता' हा शब्द निश्चित पदांसाठी वापरला जातो. सभागृह नेता, विरोधी पक्षनेता, गटनेता ही त्यांची उदाहरणे होत. संसदेतील विरोधी पक्षनेत्याच्या पदाला १९७७ च्या वेतन व भत्तेविषयक कायद्याने वैधानिक मान्यता मिळाली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्रातील सत्तासंघर्षासंबंधीच्या निकालात, सभागृहातील पक्षनेता व प्रतोद यांची नेमणूक विधिमंडळ पक्षाने नव्हे, तर राजकीय पक्षाने करावयाची असते, असे स्पष्ट केले.

चळवळी

चळवळींत पदाविना नेतृत्वाची उदाहरणे अधिक आढळतात. महात्मा गांधी हे काँग्रेसचे अध्यक्ष केवळ एकदा, १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात होते. १९३४ मध्ये त्यांनी पक्षाचे सदस्यत्वही सोडले. तरीही १९४२ च्या 'भारत छोडो' लढ्याचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा त्यांच्यामागे कोणतेही अधिकारपद नव्हते.

सामूहिक नेतृत्वाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे १९५६ साली स्थापन झालेली संयुक्त महाराष्ट्र समिती होय. एस. एम. जोशी, श्रीपाद अमृत डांगे, प्रल्हाद केशव अत्रे, प्रबोधनकार ठाकरे अशा भिन्न विचारांच्या व्यक्ती एका उद्दिष्टासाठी तीत एकत्र आल्या. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली.

सहकार

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटील यांचे शेतकऱ्यांना संघटित करण्याचे कौशल्य आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचे ज्ञान एकत्र आले. कारखान्याचे पहिले अध्यक्षपद गाडगीळ यांच्याकडे होते. नेतृत्वाची कार्ये दोन व्यक्तींत विभागली गेल्याचे हे उदाहरण आहे.

पंचायत राज व स्त्रियांचे नेतृत्व

७३ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण २०११ पासून ५० टक्के करण्यात आले. सरपंच स्त्री आणि कारभार मात्र पतीच्या हाती, या स्थितीला लोकांनीच 'सरपंचपती' असे नाव दिले. पद आणि नेतृत्व यांतील अंतर या एका शब्दात नेमके व्यक्त झाले आहे. तथापि, हे चित्र एकमेव नव्हे. राघवेंद्र चट्टोपाध्याय व एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थान येथे केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्त्रियांसाठी राखीव असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यासारख्या स्त्रियांच्या निकडीच्या सोयींवर अधिक भर दिल्याचे आढळले. मिळालेल्या पदाचे प्रत्यक्ष नेतृत्वात रूपांतर होऊ शकते, हे त्यावरून दिसते.

क्रीडा

खेळात नेतृत्वाचा परिणाम अल्पावधीत व सर्वांसमक्ष दिसतो. अजित वाडेकर यांच्या कर्णधारपदाखाली भारतीय क्रिकेट संघाने १९७१ साली वेस्ट इंडीज व इंग्लंड या दोन्ही देशांत कसोटी मालिका जिंकल्या. कर्णधार नाणेफेक, क्षेत्ररचना, गोलंदाजीतील बदल असे निर्णय घेतो. परंतु धावा व बळी संपूर्ण संघाला मिळवावे लागतात.

वारी

पंढरीच्या वारीत वारकरी दिंड्यांमध्ये विभागलेले असतात आणि प्रत्येक दिंडीला प्रमुख असतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावताच टाळ-मृदंगाचा घोष थांबतो व शांतता पसरते. येथे आज्ञा मोडल्यास शिक्षा नाही; परंपरेवरील व एकमेकांवरील विश्वासावर ही शिस्त टिकून आहे.

नेतृत्वाची कसोटी

नेता अनुपस्थित असताना कार्य चालू राहते किंवा नाही, ही नेतृत्वाची एक महत्त्वाची कसोटी मानता येते. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती गेला आणि छत्रपती राजाराम महाराजांना जिंजीस जावे लागले. या काळात रामचंद्रपंत अमात्य व शंकराजी नारायण यांनी महाराष्ट्रातील कारभार, तर संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी रणांगण सांभाळले. १७०० मध्ये राजाराम महाराजांच्या निधनानंतर महाराणी ताराबाई यांनी नेतृत्व केले. १७०७ मध्ये औरंगजेबाचा दख्खनमध्ये मृत्यू झाला, तोपर्यंत मराठ्यांचा प्रतिकार मोडला नव्हता.

१९४२ च्या लढ्यातही असेच घडले. ९ ऑगस्ट रोजी पहाटे प्रमुख नेत्यांना अटक झाली. त्याच दिवशी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अरुणा असफ अली यांनी ध्वज फडकवला. उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त नभोवाणी केंद्र चालवले आणि सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले.

व्यक्तिपूजा व नेतृत्व

नेत्याविषयीच्या आदराचे रूपांतर अंधभक्तीत झाल्यास अनुयायी आपला निर्णयाधिकार गमावतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात या धोक्याचा स्पष्ट इशारा दिला. धर्माच्या क्षेत्रात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असू शकेल. राजकारणात मात्र व्यक्तिपूजा ही अधःपतनाकडे व अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. थोर व्यक्तींविषयी कृतज्ञ असणे त्यांनी गैर मानले नाही. कृतज्ञतेलाही मर्यादा असावी, असे त्यांचे म्हणणे होते.

या दृष्टीने अनुयायित्व हा नेतृत्वाचाच दुसरा भाग ठरतो. आपण कोठे नेले जात आहोत हे विचारण्याचा, न पटल्यास थांबण्याचा आणि दुसरा नेता निवडण्याचा अधिकार अनुयायांकडे असतो. निवडणूक, सर्वसाधारण सभा, ग्रामसभा, अविश्वासाचा ठराव ही तो अधिकार बजावण्याची साधने आहेत. ती वापरली गेली नाहीत, तर पद कायम राहू शकते. परंतु 'नेतृत्व' या शब्दात अभिप्रेत असलेला नेता व समूह यांचा परस्परसंबंध संपुष्टात येतो.